पंपाला किती झाकणं? आधी नोझल मोजा

या आठवड्याचं पत्र मुरबाड तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं आहे. त्या लिहितात :

"काका, मी ऐरोलीला नोकरी करते आणि शनिवार-रविवार गावी येते. बाबांच्याने आता होत नाही, म्हणून शेताचं मीच बघते. एक एकर भात आहे, कर्जत-३. बांधाला लागून दहा गुंठे भेंडी. आवणीनंतर वीस-बावीस दिवसांनी भातात रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी मारलं. पंप बॅटरीचा, सोळा लिटरचा. नोझल पितळेचा, गोल फवारा उडवणारा, तीन वर्षं तोच आहे. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे पंपाला दोन झाकणं टाकली. आता खाचरात माका आणि लव्हाळा वेणी घातल्यासारखा नागमोडी राहिलाय, मधे मधे तण मेलंय आणि काही ठिकाणी भातही पिवळा पडलाय. फवारणीनंतर चार दिवसांनी त्याच पंपाने भेंडीवर तुडतुड्याचं औषध मारलं. भेंडीची नवी पानं बोटांसारखी अरुंद आणि मुरडलेली येतायत. दुकानदार म्हणतो, औषध हलकं पडलं, डबल मारा. भाऊ म्हणतो, चार नोझलची दांडी घेऊ. बाबा म्हणतात, नोझल तुंबलाय, बाभळीच्या काट्याने साफ कर. मी कोणाचं ऐकू?"

ताई, पहिलं उत्तर दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल देतो, कारण त्याची घाई आहे : डबल मारू नका. एकदाही परत मारू नका. जे तण वाचलंय ते आता मोठं झालंय, कोवळेपणी जे औषध त्याला मारतं ते आता त्याला नुसतं पिवळं करून सोडेल. आणि ज्या पट्ट्यांत आधीच औषध जास्त पडून भात पिवळा झालाय, तिथे दुसरा मारा भाताला सोसवणार नाही. राहिलेल्या वेण्या हाताने बेणून घ्या. एका एकरात सगळीकडे तण असतं तर मी असं म्हटलं नसतं, पण तुमच्या वर्णनावरून निम्म्याहून जास्त रान साफ झालेलं दिसतंय.

म्हणजे औषध हलकं नव्हतं. हलकं असतं तर सगळीकडेच तण अर्धमेलं राहिलं असतं. तुमच्याकडे एका जागी तण मेलं, भात पिवळा पडला, आणि हातभर अंतरावर माका टवटवीत उभा आहे. औषध बरोबर होतं, ते सारखं पडलं नाही. बाटलीत दोष नाही, दोष दांडीच्या टोकाशी आहे.

तुमच्याकडचा गोल फवारा उडवणारा नोझल म्हणजे हॉलो कोन. त्याचा फवारा पोकळ शंकूसारखा असतो, पाणी सगळं कडेच्या रिंगणात आणि मधे जवळजवळ काही नाही. तो एका सरळ रेषेत पुढे नेला तर जमिनीवर दोन्ही कडांना जाड पट्टे आणि मधे विरळ पट्टा पडतो. हे आपल्याला अनुभवाने कळतं, म्हणून आपण दांडी डावी-उजवीकडे हलवत चालतो. हात एका बाजूला जाईपर्यंत पाय पुढे पडलेला असतो. मग जमिनीवर नागमोड उमटते : वळणाच्या टोकाला औषध दुप्पट, दोन वळणांच्या मधल्या त्रिकोणात काहीच नाही. तुम्ही जिला वेणी म्हणालात ती हीच. मी अशा कितीतरी वेण्या पाहिल्यात, पडघ्याजवळच्या माझ्या स्वतःच्या शेतातही.

हॉलो कोन वाईट नाही, तो भेंडीसाठी आहे. तुडतुडे, पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसतात. तिथे पोचायला बारीक थेंब हवेत, वेगवेगळ्या दिशांनी येणारे, पानांत घुसणारे. कीटकनाशक आणि बुरशीनाशकाला हा नोझल योग्य. तणनाशकाचं काम वेगळं आहे. तिथे सपाट रानावर एकसारखा थर पडायला हवा आणि थेंब इतके मोठे हवेत की ते वाऱ्यावर न जाता खाली बसतील. त्यासाठी फ्लॅट फॅन नोझल घ्या. त्याच्या तोंडाला गोल भोक नसून चीर असते आणि फवारा हातपंख्यासारखा चपटा पडतो. फ्लड जेटही चालतो, त्याचे थेंब आणखी जाड असतात, पण पट्टा फ्लॅट फॅनइतका एकसारखा पडत नाही. भातात उगवून आलेल्या तणावर मारायचं असेल तर मी फ्लॅट फॅनच सांगेन.

दुकानात गेलात की नोझलच्या तोंडावरचा आकडा वाचा. '११००२' असं लिहिलेलं असेल तर पहिले तीन अंक म्हणजे फवाऱ्याचा कोन, ११० अंश. शेवटचे दोन अंक म्हणजे तोंड किती मोठं ते. ०२ म्हणजे ४० पौंड दाबाला मिनिटाला ०.२ अमेरिकन गॅलन. आपल्या मापात सांगायचं तर ३ बार दाबाला मिनिटाला साधारण ०.८ लिटर. आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १०६२५ मध्ये, प्रत्येक आकाराला रंग ठरलेला आहे : ०१ नारंगी, ०१५ हिरवा, ०२ पिवळा, ०३ निळा, ०४ लाल. पण बाजारात मिळणारा प्रत्येक रंगीत नोझल हे मानक पाळतोच असं नाही. म्हणून रंगावर जाऊ नका, आकडा बघा. आकडाच नसेल तर तो नोझल घेऊ नका. तुमच्या कामाला ११००२ पुरेसा आहे.

'पंपाला दोन झाकणं' या सवयीने जेवढं नुकसान होतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. औषधाच्या लेबलवर मात्रा असते ती एकरी किंवा हेक्टरी. एका एकरात किती पंप जातील हे ठरतं तुमच्या नोझलवर आणि तुमच्या चालण्यावर. दुकानदाराने तुमचा नोझल पाहिलेला नाही आणि तुम्हाला चिखलात चालतानाही पाहिलेलं नाही. मग पंपाला दोन झाकणं हा आकडा त्याने कुठून काढला? बहुतेक त्याच्या आधीच्या दुकानदाराने सांगितला म्हणून. शिवाय झाकणंही एका मापाची नसतात.

हा आकडा तुम्ही स्वतः काढायचा, आणि तो काढणं पोळ्यांची कणीक मोजण्याइतकं सोपं आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करा. पंपात साधं पाणी भरा, दाबाचं बटण नेहमी जिथे ठेवता तिथेच ठेवा. नोझलखाली मापाचा मग धरून बरोबर एक मिनिट पाणी सोडा. असं तीनदा करा आणि सरासरी घ्या. (तो मग पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, त्यावर रंगाने खूण करून पंपाजवळच ठेवा.) मग पंप पाठीवर घेऊन खाचरात एक गुंठा मोजून घ्या, तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. चार काठ्या रोवल्या की झालं. पंपातल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, त्या गुंठ्यावर नेहमीच्या चालीने साधं पाणी फवारा आणि मग खुणेपर्यंत पंप पुन्हा भरायला किती पाणी लागलं ते मगाने मोजा. त्याला चाळिसाने गुणलं की तुमचं एकरी पाणी निघालं. आणि ही चाचणी घराच्या अंगणात नाही, खाचरातच करायची. गुडघाभर चिखलात तुमचा वेग अंगणातल्या वेगाच्या निम्मासुद्धा नसतो.

उदाहरण देतो. समजा नोझल मिनिटाला ०.८ लिटर सोडतो, तुम्ही चिखलात मिनिटाला ३० मीटर चालता आणि एका फेरीत एक मीटर रुंदीचा पट्टा घेता. म्हणजे मिनिटाला ३० चौरस मीटर झाले. गुंठ्याला २.७ लिटर पाणी लागेल, एकराला १०८ लिटर, म्हणजे पावणेसात पंप. आता लेबलवर एकरी ८० मिली लिहिलं असेल तर एका सोळा लिटरच्या पंपात १२ मिली पडेल. दोन झाकणं नाही आणि तीनही नाही, १२ मिली, आणि तेही मापाच्या नळकांड्याने. तुमची चाल वेगळी असेल तर हा आकडा बदलेल, म्हणून माझा आकडा उचलू नका, तुमचा काढा.

आता तीन वर्षं वापरलेल्या पितळी नोझलचं बघा. पितळ मऊ असतं. ओढ्याच्या गढूळ पाण्यातली माती आणि भुकटीच्या औषधांचे कण त्याच्या भोकातून सॅंडपेपरसारखे घासत जातात. भोक मोठं होतं, पण डोळ्याला दिसत नाही. समजा ०.८ लिटरच्या जागी आता एक लिटर यायला लागलं. चाल तीच, पट्टा तोच, पंपात १२ मिली औषधही तेच. पण आता एकराला १०८ ऐवजी १३५ लिटर जाईल, आणि ८० मिलीच्या जागी शंभर. पाव हिश्शाने जास्त औषध, आणि तुम्हाला वाटेल आपण सगळं बरोबर केलं. शिवाय भोक झिजतं ते एकसारखं झिजत नाही, एका अंगाने झिजतं, त्यामुळे फवाराही एका बाजूला जड पडतो. माझ्याकडे एक पितळी नोझल सात हंगाम होता. जुनं ते मजबूत, असं मी मानत होतो. नवा आणून दोन्ही शेजारी शेजारी मोजले तेव्हा जुन्यातून जवळपास दीडपट पाणी येत होतं. त्या सात हंगामांत मी रानात किती जास्तीचं विष ओतलं हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

म्हणून नियम साधा ठेवा : नव्या नोझलचं मिनिटाचं माप तो आणल्या दिवशी पंपावरच मार्करने लिहून ठेवा. दर हंगामाच्या सुरुवातीला मोजा. नव्यापेक्षा दहा टक्के जास्त पाणी आलं की नोझल टाकून द्या. ०.८ चा ०.८८ झाला की संपलं. सिरॅमिकचा नोझल सगळ्यात जास्त टिकतो, स्टेनलेस स्टील आणि चांगल्या प्लास्टिकचे त्याखालोखाल, पितळेचा सगळ्यात लवकर झिजतो. दिसायला पितळ भक्कम आणि प्लास्टिक हलकं, म्हणून लोक उलटं समजतात. औषधाच्या एका बाटलीपुढे नोझलची किंमत काहीच नसते, तरी बाटली आपण दरवर्षी आणतो आणि नोझल मात्र पंप मोडेपर्यंत तोच ठेवतो.

बाबांच्या बाभळीच्या काट्याचं उत्तर यातच आलं, पण ते त्यांना तोंडावर सांगू नका. नोझलमध्ये काटा, तार, टाचणी, सुई काही घालायचं नाही. चिरेच्या कडेवर बारीक ओरखडा गेला तरी फवाऱ्याचा पंखा फाटतो आणि त्या जागी पट्टा राहतो. तोंडाने फुंकर तर कधीच मारायची नाही, आपल्याकडे शेतात उभ्या उभ्या नोझल ओठाला लावून फुंकणारी माणसं मी पाहिलीत, थेट विष तोंडात जातं. हातमोजे घालून नोझल काढा, साबणाच्या पाण्यात भिजवा, जुन्या मऊ टूथब्रशने घासा, उलट बाजूने पाणी सोडा. शेतात असताना नोझल तुंबला तर तिथे साफ करत बसू नका, खिशात डबीत एक जादा नोझल ठेवा आणि बदलून टाका.

आणि तो तुंबतो का, तेही बघा. पंपात तीन ठिकाणी गाळणी असते : टाकीच्या तोंडाशी, दांडीच्या मुठीत आणि नोझलच्या मागे. नोझलच्या मागची छोटी जाळी बहुतेक जण पहिल्याच वर्षी काढून फेकतात, 'सारखी अडकते' म्हणून. ती अडकते म्हणजे तिचं काम करते. तुमचा पंप उघडून बघा, ती जाळी आहे का. ०२ आकाराच्या नोझलला ५० मेशची, म्हणजे इंचाला ५० छिद्रांची जाळी चालते, त्याहून लहान नोझल असेल तर १०० मेशची लागते. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी घ्यावंच लागलं तर आदल्या संध्याकाळी पिंपात भरून ठेवा, सकाळी वरचं निवळ पाणी जुन्या साडीच्या दुहेरी कापडातून गाळून घ्या. गढूळ पाण्याने नोझल झिजतो एवढंच नाही, ग्लायफोसेटसारखी काही तणनाशकं मातीच्या कणांना चिकटून निकामी होतात.

आता भेंडी. २,४-डी ला भेंडी फार नाजूक आहे. भेंडी कापसाच्या कुळातली, आणि कापसावर याचा नुसता वास गेला तरी पानं बिघडतात असं शेतकरी म्हणतात ते अगदी उगीच नाही. तुम्ही वर्णन केलेली बोटांसारखी अरुंद, मुरडलेली पानं ही त्याचीच खूण वाटते. एकदा खात्री करा : शिरा पिवळ्या पडून पानावर जाळी दिसत असेल तर तो केवडा रोग, पांढऱ्या माशीने पसरणारा. शिरा हिरव्याच आहेत पण पान चिरल्यासारखं आणि वाटीसारखं वळलंय, तर तणनाशक.

पण ते भेंडीवर आलं कसं, हे शोधणं महत्त्वाचं आहे आणि त्याची साक्ष शेतातच आहे. बांधावर उभं राहून बघा. भाताकडच्या पहिल्या दोन-चार ओळी जास्त बिघडल्या आहेत आणि आत जावं तसा त्रास कमी होत जातो, तर वाऱ्याने उडालेलं औषध. सगळे दहा गुंठे सारखेच बिघडलेत, तर पंपातच राहिलेलं औषध चार दिवसांनी तुडतुड्याच्या औषधाबरोबर भेंडीवर गेलं. पहिल्या एक-दोन पंपांनी जिथे फवारणी सुरू केली तिथेच जास्त आणि पुढे कमी, असं दिसलं तरी पंपच. माझा संशय पंपावर जास्त आहे. तुम्ही पंप धुतल्याचं लिहिलेलं नाही, आणि नुसता विसळला असेल तरी २,४-डी रबरी नळीत आणि वॉशरमध्ये धरून राहतं.

यावर खरा उपाय एकच, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. त्यावर लाल रंगाने मोठ्या अक्षरात 'तण' लिहा, म्हणजे मजूर असो की भाऊ, कोणाची चूक होणार नाही. दुसरा पंप घेणं या वर्षी जमत नसेल तर निदान नळी, दांडी आणि नोझल तरी वेगळे घ्या आणि टाकी नीट धुवा. तीनदा स्वच्छ पाण्याने विसळा, मग धुण्याचा सोडा लिटरला साधारण दहा ग्रॅम घालून टाकी भरा, थोडं पाणी दांडीतून सोडा म्हणजे नळीतही सोडा जाईल, आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पुन्हा दोनदा साध्या पाण्याने धुवा. ते पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, ज्या भातात तणनाशक मारलं त्याच्याच कडेला, पाणी वाहून जाणार नाही अशा जागी टाका. पावसाळ्यात आपल्याकडे खाचराच्या पाण्यातून खेकडे आणि वलगणीचे मासे धरून पोरं घरी नेतात, हे डोक्यात असू द्या. फवारल्यानंतर काही दिवस त्या खाचरात कुणाला धरायला जाऊ देऊ नका.

बिघडलेल्या भेंडीला औषध नाही. पुढची पानं हळूहळू नीट आली तर झाडं वाचली. पण जी झाडं बिघडली त्यांची भेंडी बाजारात पाठवू नका आणि घरातही खाऊ नका. नुकसान होईल, माहीत आहे. भेंडीवर हे औषध मारायला मान्यताच नाही, तेव्हा त्या भेंडीत काय उतरलं असेल हे आपण सांगू शकत नाही. आपल्या शहापूर-मुरबाडकडची भेंडी परदेशीही जाते, तिथे अवशेष तपासले जातात, इथल्या बाजारात मात्र आपणच विचार करायचा असतो.

उडालेल्या औषधाचं गणितही समजून घ्या, कारण पुढच्या वर्षीही भेंडी बांधालाच असेल. शंभर मायक्रॉनचा थेंब, साधारण केसाच्या जाडीचा, एक मीटर उंचीवरून खाली यायला साडेतीन-चार सेकंद घेतो. ताशी दहा किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. तेवढ्या वेळात तो थेंब दहा मीटर लांब गेला, म्हणजे बांध ओलांडून गुंठाभर आत. चारशे मायक्रॉनचा थेंब जवळपास जागच्या जागी पडतो. आणि त्या एका मोठ्या थेंबातलं पाणी चौसष्ट बारीक थेंबांत वाटलं जातं. दाब वाढवला की नेमकं हेच होतं, धुकं जास्त होतं. लोकांना वाटतं दाब वाढवला की पाणी जास्त येईल, पण दुप्पट पाणी हवं असेल तर दाब चौपट करावा लागतो. पाणी जास्त हवं तर मोठ्या आकड्याचा नोझल लावा, दाबाचं बटण सोडा.

फवारताना नोझल तणाच्या शेंड्यापासून हातभर, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटर वर धरा आणि दांडी स्थिर ठेवून सरळ चाला. हलवू नका. फ्लॅट फॅनचा फवारा मधे जाड आणि कडेला विरळ असतो, म्हणून शेजारच्या फेरीची कड आधीच्या कडेवर चढायला हवी. ११० अंशाचा फवारा ५० सेंटिमीटरवरून सव्वा-दीड मीटर पसरतो, त्यातला एक मीटरच धरा. बांधावर मीटर-मीटरवर काठ्या रोवा, त्यांच्याकडे बघत चाला. सुरुवात वारा ज्या दिशेला जातो त्या कडेपासून करा आणि वाऱ्याकडे सरकत या, म्हणजे आधी मारलेल्या औषधात तुमचे पाय आणि श्वास जाणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, तेव्हा भेंडी भाताच्या पूर्वेला असेल तर ती कड शेवटपर्यंत धोक्याची. तिथली पाच-सहा मीटर रुंदीची पट्टी फवारूच नका, हाताने बेणा. पहाटे अगदी चिडीचूप हवा असेल आणि दरीत धुकं बसलं असेल तेव्हाही मारू नका, बारीक थेंब त्या थंड थरात लोंबकळत राहतात आणि मग कुठेही जातात. काठीला दोरा बांधून बघा, दोरा हलका हलतोय आणि भेंडीपासून दूर हलतोय, ती वेळ धरा. पावसाने किती तास उघडीप द्यायला हवी आणि खाचरातलं पाणी आधी काढायचं की नाही, हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, घडीपत्रिका वाचा.

भावाची चार नोझलची दांडी वाईट नाही, पण तुमच्या खाचरांना ती आत्ता नको. चार ०२ नोझलना मिनिटाला ३.२ लिटर लागतील. पाठीवरच्या बॅटरी पंपाला तेवढं पाणी दाबासकट सलग देणं सहसा जमत नाही. दाब पडतो, पंखे मिटतात, मधे फटी राहतात. मग नारंगी ०१ लावावे लागतात, मिनिटाला ०.३९ लिटरचे. हिशेब जुळतो : ५० सेंटिमीटर अंतरावर चार नोझल, दोन मीटर पट्टा, एकरी १०५ लिटर, आणि फेऱ्या निम्म्या. पण ०१ चे थेंब बारीक, भेंडी शेजारी, आणि तोंड लहान म्हणून तुंबणंही जास्त. बांधबंदिस्तीच्या लहान खाचरांत दोन मीटरची दांडी वळवताना चिखलात टेकते ते वेगळंच. सलग दोन-चार एकर सपाट रान आणि मोठा पंप असेल तेव्हा घ्या. घेतलीच तर चारही नोझल एका आकड्याचे, एका कोनाचे, एकाच वेळी बदललेले असू द्या, आणि प्रत्येकाची चीर दांडीच्या रेषेपासून थोडी तिरकी ठेवा, म्हणजे शेजारचे पंखे एकमेकांवर आपटणार नाहीत.

पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, मास्क हे भातातही लागतंच, दमट हवेत नकोसं होतं तरी. २०१७ मध्ये यवतमाळात कापसावर फवारताना कितीतरी शेतकरी आणि मजूर विषबाधेने गेले. त्यातले अनेक जण वर्षानुवर्षं फवारणी करणारे होते.

या रविवारी एवढंच करा. बाजारातून ११००२ चा एक नोझल आणा. घरासमोरच्या सिमेंटच्या ओट्यावर बाबांना खुर्ची टाकून बसवा. घड्याळ त्यांच्या हातात द्या. आधी जुना पितळी नोझल एक मिनिट मगात, मग नवा एक मिनिट, आणि दोन्ही वेळा बटण एकाच जागी. मग दोन्हींनी कोरड्या ओट्यावर एक सरळ फेरी मारा आणि ओटा कसा वाळतो ते दोघांनी मिळून बघा, कुठे लवकर, कुठे उशिरा. त्यानंतर खाचरात जाऊन नव्या नोझलने एक गुंठा साध्या पाण्याचा करा. औषधाची बाटली त्या दिवशी कपाटातून काढू नका.